विश्लेषण : विंडोज अपडेट ‘चालू’ की ‘बंद’? ऑफिसच्या संगणकासाठी हा प्रश्नच चुकीचा का आहे?

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. लग्नमंडपात ‘सावधान’ हा शब्द ऐकताच ते बोहल्यावरून निघून गेले, ही आख्यायिका महाराष्ट्रात लहान मुलांनाही माहीत असते. आज संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात असाच एक ‘सावधान’ दर महिन्याला येतो : ‘अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा.’ आपण काय करतो? ‘नंतर’ वर क्लिक करतो. महिनाभराने पुन्हा ‘नंतर’. शेवटी कुणीतरी जाणकार येतो आणि म्हणतो, “कटकटच नको, अपडेट बंदच करून टाकू.”

घरच्या संगणकाचं ठीक आहे, नुकसान झालं तर आपलं. पण ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था, प्राथमिक आरोग्य केंद्र, तहसील कार्यालय इथल्या संगणकांचं काय? तिथे जन्माचे दाखले, खातेदारांची माहिती, रुग्णांच्या नोंदी आणि सरकारी पैशांचे व्यवहार असतात. त्या संगणकांवर अपडेट कधी यावं, कधी थांबावं आणि रीस्टार्ट कधी व्हावं, हे कुणी ठरवायचं?

गेल्या काही वर्षांतल्या दोन घटना बघितल्या तर उत्तर सापडतं. एक घटना अपडेट न केल्याने काय होतं ते सांगते. दुसरी, अपडेट सगळीकडे एकदम गेल्याने काय होतं ते.

आधी समजून घेऊ : ‘मॅनेज्ड’ संगणक म्हणजे काय?

ऑफिसच्या संगणकावर विंडोज अपडेटचं पान उघडलं की कधीकधी वर एक ओळ दिसते : ‘काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून नियंत्रित केल्या जातात.’ अशा संगणकाला मॅनेज्ड संगणक म्हणतात. म्हणजे समोर बसणारा माणूस सेटिंग बदलू शकत नाही, नियम दुसरीकडून येतात.

हे नियम तीन मार्गांनी येतात. एकाच संगणकावर बसून ‘ग्रुप पॉलिसी’ नावाच्या साधनातून लावता येतात. ऑफिसात सर्व्हर असेल तर तिथून सगळ्या संगणकांना एकदम लावता येतात. आणि संगणक वेगवेगळ्या गावांत विखुरलेले असतील तर ‘इन्ट्यून’सारख्या इंटरनेटवरच्या सेवेतून लावता येतात. मोठ्या कार्यालयांत ‘डब्ल्यूसस’ नावाचा स्वतःचा अपडेट सर्व्हरही असतो. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की त्यात नव्या सोयी येणार नाहीत, पण तो चालू राहील.

एक गोष्ट खरेदी करतानाच लक्षात ठेवायला हवी. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचं साधन नसतं. त्यासाठी ‘प्रो’ किंवा त्यावरची आवृत्ती लागते. स्वस्तात मिळाला म्हणून ‘होम’ असलेला लॅपटॉप ऑफिसला घेतला, तर पुढची बरीचशी सेटिंग्ज त्यावर लावताच येत नाहीत.

अपडेट न केल्याने काय होतं? ५९ दिवस आणि १०५ दिवस

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट देते. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते. १४ मार्च २०१७ चा मंगळवार असाच होता. त्या दिवशी आलेल्या अपडेट्समध्ये ‘एमएस१७-०१०’ या क्रमांकाचं एक अपडेट होतं. एका संगणकातून दुसऱ्यात फायली पाठवण्याच्या विंडोजच्या यंत्रणेत एक भोक होतं, ते या अपडेटने बुजत होतं.

महिन्याभराने, १४ एप्रिलला, त्याच भोकातून शिरण्याचं हत्यार इंटरनेटवर उघडं पडलं. ते अमेरिकेच्या ‘एनएसए’ या गुप्तचर संस्थेकडून चोरीला गेलेलं होतं. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेने जगभर पसरला. दीडशेहून अधिक देशांत त्याचा फटका बसला. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांच्या अपॉइंटमेंट्स रद्द झाल्या, भारतात आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले. अपडेट येऊन तेव्हा ५९ दिवस झाले होते.

लोकांनी बातम्या वाचल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर इशारे फिरवले. तरीही २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ आला. तोही ते भोक वापरत होता. अपडेट येऊन १०५ दिवस झाले होते.

या वेळी फटका थेट महाराष्ट्राला बसला. उरणजवळच्या न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरात ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे कंटेनर टर्मिनल आहे. ते चालवणारी ‘एपीएम टर्मिनल्स’ ही डेन्मार्कच्या ‘मर्स्क’ समूहातली कंपनी. मर्स्कचे संगणक जगभर बंद पडले, तसं न्हावा शेव्याचं टर्मिनलही ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे आहे, कुठल्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच नाही म्हटल्यावर काम हाताने करावं लागलं आणि माल तुंबला.

नंतर मर्स्कच्या अध्यक्षांनी दावोसच्या परिषदेत हिशोब सांगितला : दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीने आपला तोटा २० ते ३० कोटी डॉलर्स असल्याचं सांगितलं होतं.

इथे एक बारकावा आहे, तो बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप पोस्टमध्ये नसतो. नॉटपेट्या फक्त न बुजवलेल्या भोकातून पसरला नाही. एका संगणकात शिरला की तो तिथले पासवर्ड चोरायचा आणि ते वापरून अपडेट केलेल्या संगणकांतही घुसायचा. आणि मुळात तो आला कुठून? युक्रेनमधल्या ‘एम.ई.डॉक’ या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी ते अपडेटच दूषित केलं होतं.

म्हणजे एकाच घटनेत दोन्ही धडे आहेत. विंडोजचं अपडेट महिनोन्‌महिने टाळणं धोक्याचं, आणि कुठलंही अपडेट आलं की डोळे मिटून सगळीकडे घेणंही धोक्याचं.

सगळीकडे एकदम अपडेट गेलं तर काय होतं? ७८ मिनिटं

दुसऱ्या धड्याचं मोठं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. शुक्रवार होता. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल पाठवली. ती सदोष होती. ज्या विंडोज संगणकांनी ती घेतली, ते निळा पडदा दाखवून बंद पडले आणि पुन्हा सुरूच होईनात. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने फाइल मागे घेतली. मध्ये फक्त ७८ मिनिटं गेली होती.

मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला. त्या दिवशी भारतात इंडिगो, अकासा, स्पाइसजेट या कंपन्यांच्या सेवा विस्कळीत झाल्या आणि हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो सगळ्यांच्या फीडमध्ये फिरले. पुढे अनेक ठिकाणी प्रत्येक संगणकाजवळ माणूस पाठवून ‘सेफ मोड’मध्ये ती फाइल काढावी लागली.

अनेकांनी तेव्हा लिहिलं, ‘विंडोज अपडेटने घात केला.’ ते बरोबर नव्हतं. ते विंडोजचं अपडेट नव्हतंच, दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचं होतं. आणि खरी मेख पुढे आहे. क्राउडस्ट्राइकच्या काही ग्राहकांनी ‘आम्हाला नवी आवृत्ती लगेच नको, एक पायरी मागे ठेवा’ असं सेटिंग केलेलं होतं. तरीही ही फाइल त्यांच्यापर्यंत गेली, कारण ते सेटिंग मुख्य सॉफ्टवेअरला लागू होतं, या प्रकारच्या छोट्या फायलींना नाही. नंतर कंपनीने या फायली टप्प्याटप्प्याने पाठवायला आणि ग्राहकांना त्यावर ताबा द्यायला सुरुवात केली.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. वाईट अपडेट बहुतेक वेळा काही तासांत किंवा काही दिवसांत उघडं पडतं. न बुजवलेल्या भोकाचा मोठा गैरफायदा २०१७ मध्ये ५९ व्या आणि १०५ व्या दिवशी घेतला गेला. आता हल्लेखोर त्याहून लवकर हात मारतात, त्यामुळे दोन महिन्यांची सवलत कुणी गृहीत धरू नये. पण थोडे दिवस थांबणं आणि कायमचं थांबणं यांत केवढा फरक आहे, हे यातून कळतं. शहाणपणाची जागा मधल्या दिवसांत आहे.

म्हणून प्रश्न ‘चालू की बंद’ असा नाही. प्रश्न तीन आहेत : किती दिवस थांबायचं? रीस्टार्ट कोणत्या वेळी? आणि याला जबाबदार कोण?

मग सेटिंग नेमकं काय ठेवायचं?

ग्रुप पॉलिसीमध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, त्यात विंडोज कंपोनंट्स आणि मग विंडोज अपडेट, असं गेलं की ही सगळी सेटिंग्ज एका ठिकाणी मिळतात.

*पहिलं, ‘कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स’.* यात क्रमांकाने पर्याय असतात. २ म्हणजे डाउनलोड करण्याआधी विचारा. ३ म्हणजे डाउनलोड करा, पण इन्स्टॉल करण्याआधी विचारा. ४ म्हणजे डाउनलोड करा आणि ठरलेल्या वेळी इन्स्टॉल करा. ‘विचारा’ हा पर्याय सभ्य वाटतो, पण विचारलेल्या प्रश्नाला रोज ‘नंतर’ हेच उत्तर मिळणार असेल तर तो पर्याय ‘बंद’च्याच जवळचा आहे. ज्या ऑफिसात पूर्णवेळ संगणक-जाणकार नाही, तिथे ४ हाच पर्याय कामाचा.

*दुसरं, वेळ.* पर्याय ४ मध्ये आधीपासून पहाटे ३ ची वेळ असते. मोठ्या शहरातल्या, रात्रभर चालू असणाऱ्या संगणकांना ती सोयीची. गावातल्या ऑफिसात संध्याकाळी मेन स्विच बंद करूनच कुलूप लागतं, तिथे पहाटे ३ चा उपयोग शून्य. तिथे जेवणाच्या सुट्टीची वेळ, आठवड्यातला कमी गर्दीचा वार असं काहीतरी निवडावं. मायक्रोसॉफ्टनेच आपल्या आकडेवारीवरून सांगितलं आहे की अपडेट आल्यानंतर संगणक सलग किमान दोन तास आणि एकूण सहा तास इंटरनेटला जोडलेला नसेल, तर ते अपडेट नीट पूर्ण होण्याची शक्यता कमी. दाखला काढण्यापुरता वीस मिनिटं चालू होणारा संगणक मागे पडतो तो यामुळेच. आठवड्यातून एक दिवस तो मुद्दाम चालू ठेवायला हवा.

*तिसरं, थांबायचे दिवस.* दर महिन्याचं सुरक्षा अपडेट जास्तीत जास्त ३० दिवस, तर विंडोजची नवी आवृत्ती ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते. समजा, तालुक्याच्या एका कार्यालयात वीस संगणक आहेत. त्यातले दोन ‘आधी बघणारे’ ठरवा, त्यांना शून्य दिवस. उरलेल्या अठरांना सात दिवस. पहिल्या दोनवर प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग आणि रोजच्या वेबसाइट्स नीट चालल्या, तर बाकीच्यांना आपोआप अपडेट जाऊ द्या. काही बिघडलं, तर सात दिवस हातात आहेत. त्या दोन संगणकांमध्ये जनतेच्या खिडकीवरचा एकुलता एक संगणक मात्र नसावा.

*चौथं, शेवटची मुदत.* हे सेटिंग सगळ्यात जास्त विसरलं जातं. अपडेट डाउनलोड झालं म्हणजे काम झालं, असं नाही. बहुतेक सुरक्षा अपडेट्स रीस्टार्ट झाल्याशिवाय लागू होत नाहीत. म्हणून ‘डेडलाइन’ ठेवायची : अपडेट उपलब्ध झाल्यापासून, उदाहरणार्थ, पाच दिवस, आणि रीस्टार्टसाठी वर दोन दिवसांची सवलत. त्यानंतर संगणक स्वतः रीस्टार्ट होतो. वरचे सात दिवस धरले तरी दोन आठवड्यांच्या आसपास सगळे संगणक सुरक्षित होतात. ‘कुणी लॉगिन असेल तर रीस्टार्ट करू नका’ हे जुनं सेटिंग मात्र डेडलाइनशिवाय एकटं ठेवू नये, नाहीतर रीस्टार्ट कधीच होत नाही.

*पाचवं, कामाचे तास.* ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’मध्ये ऑफिसची वेळ भरली की त्या वेळात, मुदत उलटेपर्यंत, संगणक आपोआप रीस्टार्ट होत नाही. रांगेत माणसं उभी असताना पडदा निळा होऊन ‘३५ टक्के पूर्ण’ दिसण्याची भीती यामुळे बरीच कमी होते.

डेटा कमी, लाईटचा भरवसा नाही. तरी जमेल?

ग्रामीण भागातल्या दोन अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांवर उपायही आहेत.

मोबाइलचा हॉटस्पॉट वापरत असाल आणि ते कनेक्शन ‘मीटर्ड’ अशी खूण करून ठेवलं असेल, तर विंडोज बहुतेक अपडेट्स आपोआप डाउनलोडच करत नाही. डेटा वाचतो, पण संगणक महिनोन्‌महिने मागे राहतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. असं असेल तर महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारनंतरच्या आठवड्यात, चांगल्या कनेक्शनवर अपडेट करून घ्यावं.

एकाच खोलीत अनेक संगणक असतील, तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ चालू ठेवा. मग प्रत्येक संगणक सगळं अपडेट इंटरनेटवरून ओढत बसत नाही, एकाने घेतलेले तुकडे बाकीचे आपल्यातच वाटून घेतात.

आणि लाईट? अपडेट अर्धवट राहिलं तर विंडोज बहुतेक वेळा आधीच्या स्थितीत परत येतं. पण ‘बहुतेक वेळा’ म्हणजे ‘दरवेळी’ नाही. म्हणून डेस्कटॉपला इन्व्हर्टर किंवा यूपीएस असावा. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा. आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर घेऊन ती काढून वेगळी ठेवावी. ही प्रत खंडणीखोर व्हायरस आला तरी उपयोगी पडते.

विंडोज १० असलेल्या संगणकांचं काय?

इथे सेटिंग कितीही नीट असलं तरी पुरत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण मदत थांबवली. संगणक चालू राहतो, फक्त दर महिन्याची सुरक्षा अपडेट्स येत नाहीत. अपडेटचं पान उघडून ‘सगळं ठीक आहे’ असं समजणं धोक्याचं, कारण येण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना आहे. संस्थांसाठी वेगळी योजना आहे. तिचा जाहीर दर पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षी दुप्पट आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. ऑफिसचा संगणक घरगुती योजनेत दाखवून चालत नाही.

विंडोज ११ मोफत मिळतं, पण त्याला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. २०१७-१८ च्या आधीचे बरेच संगणक त्यात बसत नाहीत. तेव्हा हा प्रश्न तंत्रज्ञाकडून बजेटकडे सरकतो. असा संगणक बदलायचा, पैसे भरून मुदत वाढवायची की इंटरनेटपासून तोडून फक्त टायपिंगला ठेवायचा, हे कुणीतरी कागदावर ठरवायला हवं.

गावपातळीवर धोका नेमका कशाला आहे?

महाराष्ट्रात जवळपास २८ हजार ग्रामपंचायती आहेत. २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ प्रकल्पातून त्यांचं दाखल्यांचं आणि नोंदींचं काम संगणकावर होतं. वित्त आयोगाच्या निधीतली देणी ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीतून जातात आणि त्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. ती स्वाक्षरी एका छोट्या यूएसबी टोकनमध्ये असते.

ते टोकन ज्या संगणकाला लावतो तो वर्षभर अपडेट झालेला नसेल, त्यावर क्रॅक केलेलं विंडोज असेल, तर तिजोरीची किल्ली उघड्या खिडकीत ठेवल्यासारखं होतं. क्रॅक टाकणारे अनेकदा अपडेटची सेवाच बंद करून ठेवतात, म्हणून अशा संगणकावर वरचं एकही सेटिंग चालत नाही.

रोज त्या संगणकावर बसतात ते संगणक परिचालक. मानधन आणि नोकरीच्या हमीसाठी त्यांनी वारंवार आंदोलनं केली आहेत. संगणक बंद पडला की पहिला जाब त्यांनाच विचारला जातो, पण नवं विंडोज घ्यायचं, यूपीएस घ्यायचा की जुना संगणक बदलायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. अपडेट बंद ठेवण्यामागे बऱ्याचदा आळस नसतो. ‘काही बिघडलं तर माझ्यावर येईल’ ही भीती असते.

ही भीती सेटिंगने नाही, निर्णयाने जाते. ‘आमच्या कार्यालयात सुरक्षा अपडेट दोन आठवड्यांच्या आत लागू होईल, रीस्टार्ट अमुक वारी अमुक वेळी होईल, बिघाड झाल्यास अमुक व्यक्तीला कळवायचं’ एवढ्या तीन ओळी मासिक सभेत ठरवून नोंदवल्या, तर अपडेटचा दोष एका माणसाच्या माथी जात नाही. सायबर हल्ला झालाच, तर ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तो सहा तासांत कळवावा लागतो. तेव्हा कुणी कळवायचं, हेही त्याच ठरावात असू द्या.

तुमच्या ऑफिसात आजच काय तपासाल?

१. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा आणि ‘अपडेट हिस्टरी’ बघा. शेवटचं सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्याचं आहे? दीड महिन्यापेक्षा जुनं असेल तर काहीतरी अडलं आहे.

२. ‘रीस्टार्ट बाकी’ असं दिसतंय का? दिसत असेल तर फायली सेव्ह करा आणि आजच रीस्टार्ट करा.

३. विंडोज १० आहे की ११? ‘होम’ आहे की ‘प्रो’? हे दोन शब्द लिहून ठेवा.

४. इंटरनेट कनेक्शन ‘मीटर्ड’ आहे का?

५. फक्त विंडोज बघू नका. ब्राउझर, अँटिव्हायरस आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर आपापली अपडेट्स स्वतंत्रपणे घेतात. क्राउडस्ट्राइक आणि एम.ई.डॉक, दोन्ही वेळी दोष तिकडूनच आला होता.

६. डिजिटल स्वाक्षरीचं टोकन काम संपल्यावर काढून ठेवलं जातं का?

यातल्या पहिल्या पाच गोष्टी बघायला दहा मिनिटं पुरतात. ‘याचा निर्णय कोण घेतं?’ हे विचारायला त्याहून कमी वेळ लागतो. त्यावर कुणाचंच नाव पुढे आलं नाही, तर तुमच्या ऑफिसचा संगणक ‘मॅनेज्ड’ नाही. तो फक्त अजून बंद पडलेला नाही, एवढंच.